किल्ली फिरवल्यावर काय झालं?

"गाडी चालू होत नाही."

दुकानात आलेला माणूस असो की रात्री फोन करणारा, पहिलं वाक्य हेच असतं. मी विचारतो, "किल्ली फिरवल्यावर काय झालं?" तो म्हणतो, "काय होणार? चालूच होत नाही." मी पुन्हा तेच विचारतो. काही जणांना राग येतो. घाईत असलेल्या माणसाला दोनदा तोच प्रश्न ऐकावा लागला की त्याला वाटतं, या मिस्त्रीला काही कळत नाही. तरी मी थांबतो. किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, असं फार थोड्या वेळा घडतं. टक् असा एकच आवाज येतो, नाहीतर टकटकटक असा ओळीनं येतो. मीटरचे दिवे लागलेले असतात, किल्ली आणखी पुढे नेली की विझतात. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. इंजिन पकडतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं. कधी किल्लीच फिरत नाही, कारण स्टिअरिंग लॉक होऊन चाकाच्या ताणात अडकलेलं असतं आणि एका हातानं स्टिअरिंग हलवत दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली की काम होतं. हे सगळं माणूस "चालू होत नाही" एवढ्यातच सांगून मोकळा होतो, आणि यातल्या प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

कराडला हायवेपासून थोडं आत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पुणे-बंगळूर रस्त्यावरची गाडी, पाटण-कोयनेकडची गाडी, कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणारी गाडी, सगळ्या आमच्या गावावरून जातात. सत्तावीस वर्षं हे काम करतोय. इंजिन खोलणारा मी नव्हे, मी वायरिंगवाला. बॅटरी, सेल्फ, डायनामो, लाइट आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी, एवढंच माझं राज्य. (डायनामो जाऊन अल्टरनेटर आला त्याला किती वर्षं झाली, पण आमच्याकडे अजून डायनामोच म्हणतात.)

काम शिकलो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. तिथं एका बाजूला फाउंड्रीची धग, दुसऱ्या बाजूला लेथचा आवाज आणि मधे आमच्या वस्तादांचं दहा बाय बाराचं दुकान. पहिले सहा महिने मला वायरीला हात लावू दिला नाही. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकायचं, गाडीत बसायचं, वस्ताद सांगतील तेव्हा किल्ली फिरवायची आणि काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं, एवढंच माझं काम. मी म्हणायचो, "सेल्फ घेत नाही." वस्ताद म्हणायचे, "ते माझ्यावर सोड. तुला काय ऐकू आलं?"

त्यांची पहिली तपासणी बिनपैशाची होती. हेडलाइट लावायचा आणि गाडीचं तोंड भिंतीकडे करून किल्ली फिरवायची. भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहायचं. उजेड मुळातच नसेल तर बॅटरीपाशी जायचं, दुसरीकडे बघायचंच नाही. उजेड चांगला आहे आणि किल्ली फिरवताच एकदम मेला, तर बॅटरी बसलेली, टर्मिनल ढिलं किंवा सेल्फ आत जाम. उजेड जागचा हलला नाही आणि आवाजही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचलेला नाही. किल्लीमागचा स्विच, रिले, फ्यूज या वाटेनं शोधत जायचं. उजेड जरासा हलला आणि टक् वाजलं, तर हुकूम पोचला, सोलेनॉइडनं उचललं, पण पुढे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन संपलेत.

टकटकटक आवाजाचं कोडं मला त्यांनी एका जुन्या सेल्फवर उलगडून दाखवलं होतं. सोलेनॉइडमधला लोखंडी दांडा ओढला जातो आणि तांब्याची जाड चकती दोन बोल्टांना जोडते. त्या क्षणी सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर मागतो. दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात, त्यावरून या भुकेचा अंदाज करा. बॅटरी अर्धमेली असेल तर एवढा घास तिला पेलत नाही, व्होल्टेज कोसळतं, दांडा धरून ठेवायलाही जोर उरत नाही आणि तो मागे येतो. मागे आला की भार गेला, व्होल्टेज पुन्हा वर, दांडा पुन्हा ओढला जातो. सेकंदात कितीतरी वेळा हे चालतं. गिऱ्हाइकाला वाटतं सेल्फ तुटला. वस्ताद म्हणायचे, आवाज येतोय म्हणजे सेल्फ धडपडतोय, त्याला जेवायला घाला.

माझे वडील जीपवर ड्रायव्हर होते. लहानपणी त्यांना हँडल मारताना मी बघितलंय. पुढच्या बंपरच्या भोकातून लोखंडी हँडल घालायचं आणि खालून वर झटका द्यायचा. त्यांनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, हँडलभोवती वळवू नको. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा, मनगट सगळं जातं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२ साली तो कॅडिलॅक गाड्यांत बसला, तेव्हापासून हा धोका हळूहळू मागे पडला. पुढेही कितीतरी वर्षं किल्ली नुसती इग्निशन चालू करायची. सेल्फसाठी वेगळं बटण नाहीतर ओढायची दांडी असायची. दोन्ही कामं एका किल्लीत आली आणि माणसाला वाटायला लागलं की गाडी किल्लीनंच चालू होते. किल्ली काय करते? मनगटाच्या जोरावर एक लहानसा स्विच फिरवते. पुढचं काम डबक्यासारख्या शांत दिसणाऱ्या बॅटरीपासून ते फ्लायव्हीलच्या दातांपर्यंत रांगेनं उभे असलेले सात-आठ जण करतात. त्यातला एक जरी बसला तरी किल्ली बदनाम होते.

आता ज्या गाडीसाठी हे सगळं लिहायला बसलो, तिच्याबद्दल.

२००९च्या पावसाळ्यातली गोष्ट. पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात काम करणारे एक जनावरांचे डॉक्टर टेंपोच्या मागे दोर बांधून आपली गाडी घेऊन आले. छोटी पांढरी पेट्रोल गाडी, आठ वर्षं जुनी, कार्ब्युरेटरवाली. आत चिखल, गमबूट, औषधांची पेटी आणि जनावरांचा वास. खोऱ्यातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना त्या गाडीची अवस्था सांगायला नको. चार महिने ती कोरडी होतच नसणार.

डॉक्टरांनी गाडी चालू होत नाही असं म्हटलं नाही. खिशातून दवाखान्याच्या लेटरपॅडचा कागद काढला आणि वाचायला लागले. मे महिन्यापासून काय काय झालं ते त्यांनी तारखेवार लिहिलं होतं. सकाळी किल्ली फिरवली की कधी पहिल्या फटक्याला चालू व्हायची, कधी कण्हून थांबायची. ढकलली की लगेच चालू. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली तरी लगेच चालू. म्हणून आधी बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले. पुन्हा तेच. दुकानदारानं वॉरंटीत दुसरी बॅटरी दिली. पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगितलं, गाडी गिअरमध्ये टाकून पुढेमागे हलवा. हलवली की चालू व्हायची. त्यावरून सेल्फचा बेंडिक्स, म्हणजे त्याचं दातेरी चाक, फ्लायव्हीलमध्ये अडकतोय असं ठरलं आणि सेल्फ खोलून कार्बन, बुश, बेंडिक्स सगळं नवं घातलं. आठवडाभर बरं. मग किल्लीमागचा स्विच बदलला.

"आणि परवा रात्री?" मी विचारलं, कारण कागद संपला आणि ते बोलायचे थांबले होते.

"परवा रात्री एका वस्तीवर म्हैस अडली होती. रेडकू आडवं आलेलं. दोन वाजता फोन आला. किल्ली फिरवली, कण्हली आणि गप्प. ढकलायला दारात कोणी नाही, पाऊस हा असा. तिथला पोरगा मोटारसायकल घेऊन मला न्यायला आला, त्यात सव्वा तास गेला." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. "म्हैस वाचली. रेडकू नाही वाचलं."

बोलता बोलता गाडीतून पेटी काढताना ते आणखी एक वाक्य बोलून गेले: "या गाडीला दृष्टच लागलीय मिस्त्री. ॲक्सिलरेटर वायर पण वर्षात दोनदा बदलली. आत जाम होते."

मी तेव्हा त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. हे कबूल करतो, कारण सगळं उत्तर त्या वाक्यात होतं.

बॉनेट उघडलं. नवी बॅटरी, स्वच्छ टर्मिनल, व्हॅसलीन लावलेलं. मीटर लावला: १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे तक्रारीला जागा नाही. दुकानातल्या पोराला म्हटलं, किल्ली फिरव. सेल्फ अर्धा वळसा कण्हला आणि थांबला. माझी नजर मीटरवर होती. ११.६.

इथं मी थांबलो. सेल्फ जोर लावून फिरत असता तर बॅटरी दहा-साडेदहापर्यंत खाली यायला हवी. बॅटरी खराब असती तर आणखी खाली, नऊच्या घरात गेली असती. ही बॅटरी ११.६वर आरामात बसली होती. तिच्या अंगावर भार येतच नव्हता. सेल्फ उपाशी होता आणि बॅटरीच्या घरी पोळ्या उरल्या होत्या. मधली वाट कुठेतरी तुटली होती.

लाल जाड वायर आधी तपासली. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टापर्यंत, किल्ली फिरवत असताना: ०.३ व्होल्ट. ठीक. आपण सगळे इथवरच जातो. करंट जातो कुठून ते बघतो, परत येतो कुठून ते बघत नाही. गाडीत परतीची वेगळी वायर दिसत नाही, कारण सगळी बॉडीच परतीची वाट असते. बॅटरीची काळी वायर बॉडीला जोडलेली. पण इंजिन बॉडीवर थेट बसत नाही. त्याचा थरकाप गाडीत येऊ नये म्हणून ते रबराच्या माउंटिंगवर बसवतात. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी लावलेली असते. अर्थिंगची पट्टी. सेल्फचे शंभर-दीडशे अँपिअर या एका पट्टीवरून घरी परततात.

मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला आणि लाल टोक बॉडीला धरून किल्ली फिरवायला सांगितलं. ०.२. मग लाल टोक उचलून इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवलं.

"फिरव."

आकडा उसळला आणि सहाच्या आसपास थरथरत राहिला. इंजिन आणि बॅटरीचं मायनस ही एकच जागा असायला हवी. त्या दोघांमध्ये पाव-अर्ध्या व्होल्टाचा फरक चालतो. इथं सहा व्होल्ट, म्हणजे बॅटरीतली निम्मी ताकद, परतीच्या वाटेवर सांडत होती.

मी जंपर केबलची एक वायर घेतली. एक चिमटा इंजिनला, दुसरा बॅटरीच्या मायनसला. "फिरव." पहिल्या फटक्याला इंजिन चालू झालं. डॉक्टर चहा पीत बाकावर बसले होते, ते ग्लास हातात धरूनच उठून आले.

मग खाली झोपलो. पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला होती, चिखलाच्या पापुद्र्याआड. वरून बघितली तर धड दिसत होती. बोल्टाजवळ नख लावलं तर विणकाम चुऱ्यासारखं गळालं. तांबं हिरवंगार झालेलं. ओल्या शेवाळावर असतो तसला रंग. एका काठानं आठ-दहा तारा तेवढ्या शाबूत होत्या. बाकीच्या नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या. बोल्टाखालचा लग काढला तर त्याच्या पोटात काळी-हिरवी पूड. बोटांनी चोळली तर खडूसारखी.

त्या पट्टीकडे बघता बघता डॉक्टरांच्या कागदावरची एकेक ओळ जागेवर बसत गेली. गाडी गिअरमध्ये हलवली की इंजिन आपल्या रबरावर जरासं डोलतं. तुटक्या तारा एकमेकींवर चेपल्या जातात आणि काही वेळ वाट जुळते. बेंडिक्सचा त्यात काही दोष नव्हता. सेल्फ खोलला-बसवला, तेव्हा त्या भागातली प्रत्येक वस्तू हलली, पट्टीही हलली. म्हणून आठवडाभर बरं. बॅटरी जोडून चालू करताना गाडीवाले लोक काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनच्या लोखंडाला लावतात. पद्धत बरोबर आहे; बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडू नये म्हणून तसं सांगतातच. पण या गाडीत त्या चिमट्यानं तुटलेल्या पट्टीचं काम केलं. बाहेरची बॅटरी थेट इंजिनशी बोलली, गाडी चालू झाली आणि बघणाऱ्या प्रत्येकाची खात्री पटली की घरची बॅटरी खराब. दोन बॅटऱ्या त्या खात्रीवर गेल्या. त्यात डायनामोचं चार्जिंगही त्याच मोडक्या वाटेनं जायचं, म्हणून बॅटरी पुरती भरायचीच नाही. दुकानदाराच्या मीटरवर ती खरंच अशक्त दिसली असणार. कुणी फसवलं नव्हतं. जो तो आपल्या समोर जे दिसलं त्यावर गेला होता.

आणि ॲक्सिलरेटर वायर. मी डॉक्टरांना म्हटलं, "इकडे या, हात लावा." सेल्फचा जुना प्रकार पुन्हा करून दाखवायला जंपर काढला, पोराला तीन-चार वेळा किल्ली फिरवायला लावली आणि त्यांचं बोट ॲक्सिलरेटर वायरच्या आवरणावर ठेवलं. त्यांनी चटकन काढून घेतलं. गरम.

करंटला परत जायचंच असतं. रुंद वाट बंद झाली की तो बोळ शोधतो. इंजिनला लोखंडानं जोडलेली आणि बॉडीत जाणारी दुसरी वस्तू होती ही पातळ पोलादी तार. सेल्फ मारताना जमेल तेवढा करंट तिच्यातून जायचा, तार तापायची, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून चिकटायचं आणि ॲक्सिलरेटर जाम व्हायचा. मे महिन्याच्या कितीतरी आधीपासून गाडी सांगत होती. ॲक्सिलरेटरचं काम करणाऱ्यानं तार बदलली, कारण तार खराब होती. सेल्फ वेगळ्या माणसाकडे, बॅटरी तिसऱ्याकडे. डॉक्टरांच्या कागदावरही ते नव्हतं, कारण त्यांच्या मते ते वेगळंच दुखणं होतं.

"आमच्याकडे असंच असतं," डॉक्टर हिरवी पूड बोटावर घेऊन बघत म्हणाले. "मालक सांगतो, गाय खात नाही. विचारत विचारत गेलं की शेवटी कळतं, आठ दिवसांपूर्वी कुंपणाची तार बदलली होती. ती तार पोटात असते. पण मालकाच्या लेखी गाय वेगळी आणि कुंपण वेगळं."

नवी पट्टी तयार मिळाली नाही. जाड तांब्याची वायर कापली, दोन्ही टोकांना लग दाबून वर झाळ मारला. बॉडीवरचा रंग कागदानं घासून लोखंड चमकेपर्यंत साफ केला, कारण रंगावर बसवलेली अर्थिंग म्हणजे नुसती शोभा. वरून ग्रीस. एक वायर गिअरबॉक्सपासून बॉडीला आणि एक जादा वायर इंजिनपासून थेट बॅटरीच्या मायनसला. बोल्टाच्या डोक्यावर मी पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका देतो. बोल्ट फिरला तर ठिपका तुटलेला दिसतो. पुन्हा मीटर लावला. ०.१. सामान आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये झाले. त्याआधी त्या गाडीवर किती गेले ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या प्रश्नाला शेपूट लागलं. "किल्ली फिरवल्यावर काय झालं?" याच्यानंतर मी विचारतो, "आणि वर्षभरात गाडीचं दुसरं काय काय काम केलं?" लोक म्हणतात, त्याचा काय संबंध. मी म्हणतो, असो वा नसो, सांगा.

न मोजता बोलण्याची किंमत मला त्याआधीच एकदा कळली होती. दुकान टाकून चार-पाच वर्षं झाली असतील. एक ऊसवाले शेतकरी आले, गाडी टकटक करत होती. उन्हाळा, दुकानात गर्दी. मी आवाज ऐकला, म्हटलं बॅटरी गेली, नवी बसवून दिली, जुनी कोपऱ्यात टाकली. रात्री सवयीनं ती चार्जिंगला लावली. सकाळी हायड्रोमीटर घातला तर सहाही खान्यांत बाराशे सत्तर. मी आठ दिवस ठेवून बघितली, लोड टेस्टर लावला. बॅटरी धडधाकट. मग आठवलं, जुनं टर्मिनल काढताना आतून पांढरी बुरशी निघाली होती, ती मी ब्रशनं झाडून टाकली होती. खरं काम तेवढंच होतं. मी त्यांच्या गावी गेलो, जुनी बॅटरी परत बसवली आणि पैसे दिले. ते घेत नव्हते. "नवी आहे, राहू दे की," म्हणाले. मला राहू देता येईना. ती जुनी बॅटरी पुढे आणखी अडीच वर्षं चालली.

पोरांना मी हत्यार हातात द्यायच्या आधी दोन गोष्टी शिकवतो. बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. पान्हा प्लसवर असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर पान्हा वेल्डिंगसारखा पेटतो. मायनस आधी काढलेला असेल तर काही होत नाही. आणि घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवायची. आमच्या वस्तादांच्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पुरा गोल डाग होता, एकेक कडी मोजता येईल असा.

गाड्या बदलल्या. कार्ब्युरेटर गेले, ॲक्सिलरेटरची तारही बऱ्याच गाड्यांतून गेली, पेडलखाली सेन्सर आला. आता किल्ली खरोखरच काहीतरी सांगते. तिच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा जरा मोठी चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्लीच्या भोकाभोवती तारेचं कडं बसवलेलं असतं, त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर निघते, त्याच लहरीवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. कॉम्प्युटरला नंबर ओळखीचा वाटला तर पेट्रोल सोडतो. नाहीतर सेल्फ खुशाल फिरतो, इंजिन पकडत नाही किंवा पकडून लगेच बंद होतं, आणि मीटरवर किल्लीचा नाहीतर कुलपाचा दिवा लुकलुकत राहतो. काही गाड्यांत सेल्फसुद्धा फिरू देत नाहीत. किल्ली बनवणाऱ्याकडून नुसते दात पाडून आणलेली डुप्लिकेट किल्ली दार उघडते, लॉक फिरवते आणि गाडी मात्र चालू करत नाही, ती यामुळे. लोक किल्लीवाल्याशी भांडून माझ्याकडे येतात. दात त्यानं अचूक पाडलेले असतात.

मागच्या दिवाळीत कुंभार्ली घाटातून एका बाईंचा फोन आला. गुहागरला निघाल्या होत्या, घाटात माकडांना बघायला थांबल्या, गाडी पुन्हा चालू होईना. मी विचारलं, किल्ली फिरवल्यावर काय झालं? त्यांनी फार नेमकं सांगितलं: घुर्र घुर्र जोरात होतंय, बंद होतंय, एक लाल दिवा डोळा मिचकावतोय. म्हटलं, बॅटरी, सेल्फ दोन्ही ठीक आहेत. किल्लीबरोबर रिंगमध्ये आणखी काय आहे? घराची किल्ली, कपाटाची किल्ली आणि यजमानांच्या दुसऱ्या गाडीची किल्ली, म्हणाल्या. सकाळी निघताना एकत्र केल्या. दोन चिपा एका कड्यासमोर आल्या की दोघी एकदम बोलतात आणि कॉम्प्युटरला कुणाचंच नीट ऐकू येत नाही. रिंगमधून आपली एक किल्ली काढा, बाकीच्या पर्समध्ये ठेवा, म्हटलं. फोन चालूच होता. इंजिनचा आवाज मला कराडात ऐकू आला.

बटणाच्या गाड्यांना तर किल्ली घालायची जागाच नाही. रिमोटचा सेल संपला की माणूस घाबरतो. रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल, सीआर २०३२, घड्याळजीकडेही मिळतो. आणि नाहीच मिळाला तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणालाच टेकवून धरला, ब्रेक दाबला आणि बटण दाबलं की गाडी चालू होते; आतली चिप सेलवाचूनही बोलते. हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं, डॅशबोर्डच्या खणात असतं.

डॉक्टरांची बदली झाली तेव्हा त्यांनी गाडी विकली. मला ते नंतर कळलं. २०१६च्या उन्हाळ्यात एक तरुण पोरगा तीच गाडी घेऊन दुकानात आला. नंबर बघून ओळखली. रंग उडाला होता, आतला जनावरांचा वास गेला होता, तिथं भाजीचे क्रेट होते. हॉर्न वाजत नाही, एवढीच तक्रार.

"चालू होते का नीट?" मी विचारलं.

"एका फटक्यात. का?"

हॉर्नचं काम पाच मिनिटांचं होतं. ते झाल्यावर मी गाडीखाली टॉर्च मारून बघितलं. सात पावसाळ्यांचा चिखल बसला होता. बोटानं खरवडला. ग्रीस काळं झालेलं, पण जागेवर. पिवळा ठिपका अख्खा. पोऱ्याला किल्ली फिरवायला सांगितली आणि मीटरची दोन टोकं धरली.

०.१.

"काय बघताय?" गाडीवाल्यानं विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "हॉर्नचे पन्नास रुपये द्या."